मदत हवी आहे: रक्तपेढीतून फोन आला, 'एचबीएसएजी रिॲक्टिव्ह'. मग जूनमध्ये दिलेल्या पिशवीचं काय?

तेरणाकाठ:
नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसता वाचतो, लिहायची वेळ आज आली. वय ३१, गाव कळंब तालुक्यात, नोकरी लातूरला. वर्षातून दोनदा तरी रक्तदान करतो. १४ जानेवारी आणि १७ सप्टेंबर या आमच्या ग्रुपच्या ठरलेल्या तारखा.

या १७ सप्टेंबरलाही दिलं. परवा रक्तपेढीतल्या बाईंचा फोन आला, "एकदा येऊन जा, फोनवर सांगता येणार नाही." तिथंच पाय गळाले. गेलो तर त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया ठीक आहे, एचबीएसएजी तेवढं रिॲक्टिव्ह आलंय. म्हणजे कावीळ बी. ही पक्की तपासणी नव्हे, पुन्हा करून घ्या, असंही सांगितलं. पिशवी त्यांनी नष्ट केली. मला त्रास काहीच नाही हो. डोळे पांढरे, भूक चांगली, रविवारी बारा किलोमीटर सायकल हाणली.

पण डोकं चालंना ते वेगळ्याच गोष्टीनं. १० जूनला मित्राच्या बायकोला बाळंतपणात रक्त लागलं. तेव्हा बदली रक्त म्हणून मी दुसऱ्या एका रक्तपेढीत पिशवी दिली होती. तिथून आजवर काही फोन नाही. आणि त्याच्या आधी एप्रिलमध्ये चैत्रातल्या जत्रेत डाव्या दंडावर विंचू गोंदवून घेतला होता. झाडाखाली बसलेला माणूस, एक मशीन, एक सुई, शाईची एकच वाटी, माझ्या आधी आठ-दहा जण.

फॉर्मवर 'गेल्या १२ महिन्यांत गोंदवले आहे का' असा प्रश्न असतो. दोन्ही वेळा मी 'नाही' लिहिलं. जूनमध्ये घाई होती. सप्टेंबरमध्ये मित्र म्हणाला, "एवढ्याशा विंचवासाठी माघारी जातोस व्हय?" रक्त उजव्या हातातून घेतलं, कुणी बघितलं पण नाही.

जूनची पिशवी कुणाला तरी गेली असणार. आता त्या रक्तपेढीला सांगू का? मित्र म्हणतो गप बस, कुणाला काय कळतंय. घरी आईनं माझं ताट-तांब्या वेगळा केलाय. बहीण सातव्या महिन्यात माहेरी आलीय, ती माझ्या खोलीत यायला भ्यायलीय. काय करावं?

बालाघाटी:
दादा, घाबरू नका. आमच्या मामाला कावीळ झाली होती, माळ घातली. गळ्यातली माळ बेंबीपर्यंत आली आणि कावीळ उतरली. पत्ता हवा असेल तर सांगतो.

दुपारचा_चहा:
म्हणूनच मी रक्तदानाच्या नादी लागत नाही. त्या सुयांमधूनच लागण झाली असेल.

लॅबवाली_ताई:
मी १४ वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, म्हणून जरा लांबण लावते.

चहावाले भाऊ, सुई पिशवीच्या नळीलाच जोडलेली येते, सीलबंद. एका माणसाला टोचली की पिशवीबरोबर संपली. रक्त देताना लागण होत नाही. आणि बालाघाटी दादा, माळेच्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, माळ लोंबते. मामांना साधी कावीळ ए झाली असेल तर ती माळेशिवायही उतरलीच असती.

तेरणाकाठ, आता तुमचं. रक्तपेढीतले किट मुद्दाम जास्त संवेदनशील असतात. निरोगी माणसाची पिशवी वाया गेली तर चालते, दूषित सुटून चालत नाही. म्हणून रिॲक्टिव्ह म्हणजे आजार ठरला असं नसतं. नुकतीच कावीळ बी ची लस घेतली असली तरी काही दिवस एचबीएसएजी खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. घेतली होती का? नसेल तर लातूर किंवा अंबाजोगाई, जवळ पडेल त्या सरकारी मेडिकल कॉलेजला जा. एचबीएसएजी पुन्हा करा, सोबत अँटी-एचबीसी आयजीएम आणि लिव्हरच्या तपासण्या. आयजीएम आलं तर लागण ताजी धरतात. हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जुनी माणसं एचबीएसएजीला अजून 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात, तिथं कुणी तसं बोललं तर गोंधळू नका. तेच आहे.

ताट-तांब्या एकत्र करा. हा विषाणू जेवणातून, पाण्यातून, शेजारी बसल्यानं पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. दाढीचं ब्लेड, नेलकटर, ब्रश मात्र कुणाला देऊ नका. आई आणि बहीण दोघींची तपासणी करून घ्या. निगेटिव्ह असल्या तर आईला लस, ०-१-६ महिने. बहिणीची लस तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिला डोस मिळालाच पाहिजे, मामाला काही असो वा नसो.

जूनच्या पिशवीबद्दल गोड बोलणार नाही. आमची तपासणी विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन शोधते. लागण झाल्यावर ते रक्तात सापडण्याइतकं व्हायला कित्येक आठवडे जातात. तोवर रिपोर्ट स्वच्छ आणि पिशवी दूषित, असं होऊ शकतं. यालाच विंडो पिरियड म्हणतात. नॅट म्हणजे थेट विषाणूची जनुकं शोधणारी तपासणी, तिनं तो कमी होतो, शून्य होत नाही, आणि आपल्याकडे नॅट सक्तीची नाही. एप्रिलमध्ये गोंदवलं आणि जूनमध्ये रक्त दिलं, म्हणजे तुम्ही त्या फटीत बसू शकता. मशीन जिथं आंधळं असतं तिथं त्या फॉर्मवरचा प्रश्नच कामाला येतो. तुम्ही तोच बंद केलात.

तिथून फोन आला नाही यावर जाऊ नका. फॉर्मवर 'निकाल कळवावा' ला खूण केली होती का? नंबर बरोबर दिला होता का? कदाचित पिशवी तेव्हाच रिॲक्टिव्ह निघून फेकली असेल, आणि तुम्हाला कळवायचं राहिलं असेल.

नसेल फेकली, तर नीट ऐका. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे तीन भाग निघू शकतात. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट ५ दिवस. पण गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर ठेवता येतो. म्हणजे तुमचा प्लाझ्मा आज त्या फ्रीजरमध्ये असू शकतो, आणि उद्या कुणाला चढवलाही जाऊ शकतो. मित्राचं ऐकू नका. सकाळी रक्तपेढी उघडली की तिथं उभे राहा.

लेकराची_आई:
माझा मुलगा ९ वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर. दर २०-२५ दिवसांनी रक्त चढवतो, परभणीला. त्याला कावीळ बी ची लस झालीय. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी ला लसच नाही. दर वेळी पिशवी लावली की मी तिच्यावरचा नंबर वाचते, आणि ज्यानं दिलं त्याला मनातल्या मनात नमस्कार करते. 'कुणी बघितलं पण नाही' हे तुमचं वाक्य रात्री तीनदा वाचलं. तुम्हाला शिव्या द्यायला लिहीत नाहीये. तुम्ही इथं कबूल तरी केलं. पण तुमच्या ग्रुपमधले बाकीचे काय लिहितात हो फॉर्मवर?

बालाघाटी:
ताई, माळेचं मागे घेतो.

तेरणाकाठ:
उशिरा लिहितोय, माफ करा. लस घेतली नव्हती. लॅबवाली ताई, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच जूनच्या रक्तपेढीत गेलो. आधी काउंटरवर कुणी दाद देईना, "आमचा रिपोर्ट निल आहे, तुमचं काय काम" म्हणाले. मग डॉक्टरांना भेटायचं म्हणून बसून राहिलो, पाऊण तास. त्यांनी रजिस्टर काढलं. पिशवी तेव्हा नॉनरिॲक्टिव्हच होती. प्लेटलेट काढलेच नव्हते. तांबड्या पेशी जूनमध्येच गेल्या. आणि प्लाझ्मा होता. माझ्यादेखत फ्रीजर उघडून त्यांनी तो काढला, हळदीच्या रंगाचा गोठलेला तुकडा, आणि बाजूला ठेवून त्यावर लाल शिक्का मारला. तांबड्या पेशी कुणाला गेल्या ते मला सांगणार नाहीत, सांगायलाही नको. आम्ही त्या रुग्णाला बोलावून तपासू, एवढं म्हणाले. मित्राच्या बायकोला माझीच पिशवी लागली असं नसतं, बदली रक्त साठ्यात जातं, हेही तिथंच कळलं.

माझं एचबीएसएजी पुन्हा पॉझिटिव्ह, आयजीएमही पॉझिटिव्ह. म्हणजे ताजंच. डॉक्टर म्हणाले, मोठ्या माणसांत बहुतेकांचं शरीर हे आपोआप परतवून लावतं, सध्या औषध नको, दारू बंद, आणि रक्तदान आता कायमचं बंद. आई-बहीण दोघी निगेटिव्ह. आईनं पहिला डोस घेतला, ताट मात्र अजून वेगळंच आहे. मीच घासतो.

लेकराची_आई ताई, ग्रुपवर विचारलं. माझ्यासोबत त्याच झाडाखाली गोंदवलेले अजून दोघं निघाले. दोघांनीही १७ सप्टेंबरला रक्त दिलंय. त्यांना फोन आलेला नाही. उद्या दोघांना घेऊन रक्तपेढीत जातोय.

लॅबवाली_ताई:
त्यांचा डोनर नंबर आणि गोंदवल्याची तारीख लिहून घेऊन जा, तोंडी सांगितलेलं राहून जातं. तुमची पुढची एचबीएसएजी सहा महिन्यांनी. आजच मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

तेरणाकाठ:
टाकली. एप्रिल येतोय. जत्रेचाच महिना.