खिडकीची काच आणि पिच

जुन्या युरोपीय चर्चमधील काचा खालच्या बाजूला जाड आढळतात, म्हणून काच हळूहळू वाहते, हे अनुमान मला पटत नाही. त्या काळी वितळलेल्या काचेचा गोळा फिरवून त्याची चकती करत आणि तिचे तुकडे कापत, त्यामुळे जाडी मुळातच असमान राहत असे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधील मध्ययुगीन काचेच्या घटकांवर आधारलेल्या अभ्यासानुसार तशी काच शंभर कोटी वर्षांतही जेमतेम एक नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) सरकेल.

खरोखर वाहणारा पदार्थ पाहायचा असेल, तर डांबरासारखे पिच पाहावे: ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली नरसाळ्यात ओतलेल्या, हातोडीने मात्र काचेसारखे फुटणाऱ्या पिचचे २०१४ पर्यंत अवघे नऊ थेंब पडले. अणुरेणूंची रचना दोन्हींत अव्यवस्थितच असते. वेगळा असतो तो त्यांना जागा बदलायला लागणारा काळ.