अंदमान: लाँग आयलंडवर तंबूत राहायचं आहे, मदत हवी आहे

जानेवारीत चौघे लाँग आयलंडला जाणार आहोत. तिथल्या लालाजी बे या खाडीच्या किनाऱ्यावर दोन रात्री तंबूत राहायचा विचार आहे. परवानगी कोणाची लागते? तंबू नेमका कुठे लावायचा? शेकोटी, पाणी, शौचाचं काय? जाणकारांनी कृपया सांगावं.

दर्यावर्दी: आधी परवानगी. बेटावर यायला भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही, पण किनाऱ्यामागचं जंगल वन विभागाचं आहे. तिथे मुक्काम करायचा तर त्यांची लेखी परवानगी हवी. 'सगळेच लावतात' या तोंडी भरवशावर जाऊ नका. नकार मिळाला तर गावात राहा आणि दिवसा बे पाहून या. मध्य अंदमानातल्या रंगत गावापर्यंत रस्त्याने येणार असाल तर वाटेत जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र लागतं. तिथे थांबणं, फोटो काढणं, काही खायला देणं, सगळ्यालाच बंदी आहे.

शिंपला: जागेबद्दल. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी ओळ किनाऱ्यावर दिसते, ती शेवटच्या भरतीची. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि पाणी त्याही वर चढतं, म्हणून तारीख ठरवताना तिथी बघा. सगळे मग ओळीच्या थोडं वर, कोरड्या वाळूत तंबू ठोकतात. नेमकी तीच जागा कासवं अंड्यांसाठी निवडतात, आणि जानेवारी हा अंदमानात त्यांचा हंगाम. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाचं घरटं साधारण दीड फूट खोल असतं. वरून काहीच कळत नाही, तंबूची लांब खुंटी सरळ अंड्यांत जाते. तेव्हा वन कर्मचारी दाखवतील तिथेच, झाडोऱ्याच्या आत तंबू लावा. वर वाळकी फांदी किंवा नारळ नाही ना, तेही बघा.

धागाकर्ता: वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत असं वाचलं. पिशव्यांत वाळू भरून पुरल्या तर?

शिंपला: उघड्या किनाऱ्यावर नको, त्यासाठी खड्डा खणावा लागतो. वाळू भरलेली पिशवी न पुरता जमिनीवरच ठेवा आणि दोरी तिला बांधा. प्रत्येक कोपऱ्याला आठ-दहा किलो पुरे. परत निघताना वाळू तिथेच ओता. रात्री दिवे समुद्राकडे रोखू नका. कासवांची पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि पाण्याऐवजी जंगलात भरकटतात.

दर्यावर्दी: शेकोटी नको. वाहून आलेलं लाकूडही उचलू नका, लहान गॅस शेगडी वापरा. तिचा गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्यावा लागेल. उरलेलं अन्न पुरू नका. वासाने कुत्री येतात आणि तीच पुढे कासवांची घरटी उकरतात. पिण्याचं व स्वयंपाकाचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा आणि गावातूनच भरून न्या. शौचासाठी किनाऱ्यापासून आणि ओढ्यापासून दोनशे फूट आत, मातीत वीतभर खड्डा करा. वाळूत मैला लवकर कुजत नाही. कागद पिशवीत घालून परत आणा. भांडी खाडीच्या तोंडाशी धुऊ नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे असतात. अंधारात पाण्याच्या कडेला तर जाऊच नका.

जानेवारीत सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, गावातून बेवर जंगलवाटेने जायचं तर दुपारी दोनच्या आत निघा. सँडफ्लाय म्हणजे वाळूवरच्या चावऱ्या बारीक माश्या, त्यांच्यासाठी पायांना खोबरेल तेल जाडसर चोपडा, आणि उघड्या वाळूवर आडवे होऊ नका.

शिंपला: एक राहिलं. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा बॅगेत घेऊ नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर तपासणी होते.