साठवलेल्या विजेतला पाचवा हिस्सा जातो कुठे?

प्रश्न:
माझ्याकडे ५ किलोवॉटची सौर पॅनेल, तेवढ्याच क्षमतेचा इन्व्हर्टर आणि १० युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. गेल्या महिन्याच्या नोंदींनुसार बॅटरीत २७० युनिट गेली आणि वापरायला २१५ मिळाली, म्हणजे जेमतेम ८० टक्के; माहितीपत्रकात मात्र ९५ टक्के कार्यक्षमता छापलेली आहे. कडक ऊन असले की बॅटरी ११ वाजताच भरते आणि सूर्यास्तापर्यंत तशीच राहते. दोष बॅटरीत आहे की माझ्या वापरात?

प्रतिसाद १:
बॅटरीवर संशय घेण्याआधी इन्व्हर्टरकडे पाहा. छापलेला आकडा बहुधा केवळ बॅटरीचा असतो, त्यात बॅटरीची वीज इन्व्हर्टरने घरगुती वापराजोगी करताना होणारी घट धरलेली नसते. इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी ५० वॉट घेत असेल, तर ऊन नसलेल्या १४ तासांत ०.७ युनिट, म्हणजे महिन्याला २१ युनिट बॅटरीतूनच खर्च होतात. तुमच्या ५५ युनिटांच्या तुटीतून ती वजा केल्यावर ३४ उरतात, आणि भरताना व काढताना मिळून १२-१३ टक्के घट होणे यात वावगे काही नाही. रात्री उपकरणे किती वॉट घेतात, ते एकदा मोजून कळवा.

प्रतिसाद २:
मला ११ वाजता भरलेली बॅटरी अधिक खटकते. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत जितका वेळ राहते, तितकी ती लवकर जुनी होते. म्हणून सकाळची वीज कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप अशा कामांना थेट द्यावी, कारण न साठवता वापरलेल्या युनिटात साठवणुकीची घट होतच नाही; चार्जिंग उशिरा, कमी प्रवाहाने करावे. प्रवाह निम्मा केला की अंतर्गत रोधात दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते, आणि वेळ दुप्पट लागूनही एकूण घट निम्मीच राहते. ढगाळ दिवशी मात्र हा नियम बाजूला ठेवून मिळेल तेव्हा भरून घ्यावे.

प्रतिसाद ३:
वरील मताशी सहमत आहे, पण लिथियम बॅटरीसाठी अनेकदा दिला जाणारा ‘चार्जिंग ८० टक्क्यांवरच थांबवा’ हा सल्ला या प्रकारच्या बॅटरीला सरसकट लावू नये. हिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो आणि त्यावरून किती वीज उरली ते नीट कळत नाही, त्यामुळे बरेच दिवस पूर्ण भरली नाही तर शिल्लक विजेचा अंदाज चुकत जातो आणि सेलमधील (बॅटरीच्या आतल्या छोट्या घटकांमधील) तफावतही दुरुस्त होत नाही. माझ्या मते आठवड्यातून एकदा, शक्यतो वापराच्या थोडे आधी, ती पूर्ण भरावी.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. काल मध्यरात्री मोजले तेव्हा राउटर, शीतकपाट आणि एक पंखा मिळून ९० वॉट घेत होते, आणि इन्व्हर्टर स्वतः ५० वॉट. त्या वेळी बॅटरीतून निघणाऱ्या विजेपैकी एक तृतीयांशाहून अधिक केवळ इन्व्हर्टर जागा ठेवण्यात जात होती, हे पाहून वाईट वाटले. रात्रीच्या भारासाठी कमी क्षमतेचा वेगळा इन्व्हर्टर बसवतो आहे, आणि चार्जिंगची वेळ आजच दुपारी १२ नंतरची केली आहे.