अर्थ कळल्यावर अल्बमचे गुण बदलू द्यायचे का?

मोटरवाइंडर (वरूड तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्यापायी आमची बैठक दोन शनिवार अडून बसली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शनिवारी संध्याकाळी सातला शटर अर्धं ओढून घेतो आणि आम्ही पाच जण एक अख्खा जुना रॉक अल्बम ऐकतो. मधे बोलायचं नाही, फोन पाहायचा नाही, एकही गाणं पुढे ढकलायचं नाही. संपला की प्रत्येकाने वहीत दहापैकी गुण लिहायचे आणि मगच तोंड उघडायचं. वही दोनशे पानी आहे, एका पानावर एक अल्बम. आतापर्यंत ३१ पानं भरली. स्पीकर भजनी मंडळाचे जुने आहेत, त्यांच्या कॉइल मीच नव्याने भरल्या. अँप्लिफायर गाडीतला, बारा व्होल्टचा, त्यामुळे लाईन गेली तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो.

आमच्यात एक काका आहेत. चौसष्ट वर्षांचे. तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणत आयुष्य गेलं. इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पण ताल कुठे सैल पडला ते आम्हा चौघांच्या आधी त्यांना कळतं. एक संत्र्याचे बागाईतदार आहेत, माझे शाळेपासूनचे मित्र. शाळेतले एक सर आहेत. आणि माझी धाकटी बहीण, अमरावतीला शिकते, सुटीत आली की बसते. गाण्यांचे अर्थ तीच सांगते, तेही गुण लिहून झाल्यावर.

तर त्या शनिवारी लेड झेपेलिन या बँडचा चौथा अल्बम लावला. ८ नोव्हेंबर १९७१ ला आलेला, ज्याच्या कव्हरवर नाव नाही तो. आठ गाणी. बाहेर तीन दिवसांची झड लागलेली, टिनावर पाऊस वाजत होता, म्हणून आवाज नेहमीपेक्षा जास्त ठेवला होता. अल्बम संपला. काकांनी चार गुण लिहिले. म्हणाले, "गवय्या चांगला हाये, पण उगाच वरतं चढते. तिथं काय ठेवलं हाये त्याचं?" बागाईतदारांचे आठ, माझे नऊ.

मग काका म्हणाले, शेवटचं गाणं पुन्हा लाव. ते 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. सुरुवातीचा ढोल ऐकला आणि त्यांनी हात वर केला. "हा ढोल खोलीतला नोय. वाड्यात वाजवला कोणीतरी."

मला काटा आला, कारण ते खरंच तसं आहे. हेडली ग्रेंज नावाच्या एका जुन्या मोठ्या घरात जिन्याच्या पायथ्याशी त्यांच्या ड्रमवाल्याचे, जॉन बॉनमचे, ड्रम मांडले होते आणि मायक्रोफोन वरच्या जिन्यावरून खाली सोडले होते. ते घर कधीकाळी गरिबांना ठेवायचं वर्कहाऊस होतं. हे मी वाचलेलं होतं, काकांनी कानाने ओळखलं. देवळाच्या सभामंडपात खंजिरी वाजवली की घुमारा कसा परत येतो, ते त्यांना माहीत आहे.

मग बहिणीने अर्थ सांगितला. लेव्ही म्हणजे नदीकाठचा मातीचा बांध. अमेरिकेत १९२७ साली मिसिसिपी नदीचे बांध फुटले, लाखो माणसं बेघर झाली. तो सगळा कापसाचा मुलूख, आणि पाणी चढत असताना बांधावर मातीची पोती रचायला लावली ती मळ्यांवरच्या काळ्या मजुरांना. मूळ गाणं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये रेकॉर्ड केलं. पाऊस असाच पडत राहिला तर बांध फुटेल, मग मी राहू कुठे, असा त्याचा भाव आहे.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मोवाड आमच्यापासून लांब नाही. जुलै १९९१ मध्ये वर्धा नदीच्या पुरात ते गाव गेलं, दोनशेवर माणसं गेली. काका तेव्हा तिशीत होते. पाणी उतरल्यावर गावातून भाकरी गोळा करून नेणाऱ्यांत तेही होते. तिथे काय पाहिलं हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, त्या रात्रीही फार सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "पानी यायच्या आंधी असाच आवाज येते म्हनत होते लोकं. घुमते म्हनत होते." मग वही पुढे ओढली. "मले चाराचे नऊ करू दे. म्या आयकलं नव्हतं, नुसतं कानावर पडू देलं होतं."

बागाईतदार म्हणाले, नाही. त्यांचं म्हणणं असं की गुण संगीताला आहेत, हकिकतीला नाहीत. असं केलं तर ज्या गाण्यामागे दुःखाची गोष्ट आहे त्याला नऊ आणि बाकीच्यांना पाच, मग ऐकायचं कशाला? गोष्टच वाचू. सर त्यांच्या बाजूने, बहीण काकांच्या. मी वही बंद करून ठेवली.

दोघांचंही मला पटतं. तुमच्याकडे असं बसून ऐकणारे कुणी असतील तर सांगा, तुम्ही काय करता?

जाता जाता एक बारीक अडचण. पिंक फ्लॉइडचं 'डार्क साइड ऑफ द मून' फोनवरून लावलं तेव्हा दर दोन गाण्यांच्या मधे आवाज क्षणभर तुटत होता. ती गाणी तर एकमेकांत ओवलेली आहेत. सरांनी त्यापायी एक गुण कापला. हे कसं टाळायचं?

---

तबकडी (नागपूर, मूळचा आर्वीचा)

आधी बारीक अडचण. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'गॅपलेस' (दोन गाण्यांत खंड न पाडणारं) असतं, ते चालू करा आणि 'क्रॉसफेड' (एक गाणं विरत दुसऱ्यात मिसळणारं) बंद ठेवा. गाणी आधी फोनमध्ये उतरवून घ्या, गावातल्या नेटवर भरवसा नको. तरीही तुटलं तर अख्खी बाजू एका सलग फाइलमध्ये करून घ्या. सरांना तो कापलेला गुण परत द्यायला सांगा, तो फोनचा दोष होता.

आता बाजूंवरून एक सांगतो. हे अल्बम तबकडीसाठी बांधलेले आहेत. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं, मग उठून तबकडी उलटायची. कोणतं गाणं कुठे ठेवायचं ते त्या उठण्याचा विचार करून ठरायचं. तुमच्या झेपेलिनच्या अल्बममध्ये पहिली बाजू 'स्टेअरवे टू हेवन'वर संपते आणि दुसरी 'लेव्ही'वर. डार्क साइडची पहिली बाजू क्लेअर टोरी या गायिकेच्या त्या शब्दांवाचूनच्या गाण्यावर संपते. तिने तिथे एकही शब्द म्हटलेला नाही, नुसता आवाज आहे. त्यानंतर थोडी शांतता हवीच. तबकडी उलटली की पैशांच्या गल्ल्याचा खणखणाट आणि सात मात्रांचं 'मनी'. तुम्ही सलग ४३ मिनिटं लावता म्हणजे मधली ती शांतता गाळता. एक बाजू झाली की थांबा, चहा घ्या, बाजूचे गुण लिहा, मग पुढची लावा. काकांना सात मात्रांबद्दल मुद्दाम विचारा. खंजिरीवाल्याचं मत मला ऐकायचं आहे.

गुण बदलण्याबद्दल माझं मत: खोडायचे नाहीत. शेजारी दुसरा रकाना आखा. पहिल्या ऐकण्याचे गुण आणि नंतरच्या ऐकण्याचे गुण, दोन्ही तारखेसह. चार हा आकडाही काकांचाच आहे, तो पुसला तर त्या रात्री काय घडलं ते वहीतून जाईल.

---

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)

मी बागाईतदार भाऊंच्या बाजूची आहे, आणि अनुभवाने सांगते.

आम्ही वसतिगृहात असताना चौघी मिळून असंच ऐकायचो. ब्लॅक सॅबथचा १९७० चा 'पॅरानॉइड' लावायच्या आधी मी त्यांच्या गिटारवाल्याची, टोनी आयोमीची, गोष्ट सांगितली. पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, सतरा वर्षांचा असताना मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. मग त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुन्हा वाजवायला बसला. आमच्यातल्या एकीचे वडील जिनिंगमध्ये होते, त्यांच्या हातालाही असंच लागलेलं. ती रडली. चौघींनी नऊ नऊ गुण दिले.

दोन वर्षांनी शेतावर एकटीने तो अल्बम ऐकला. 'वॉर पिग्ज' आणि 'प्लॅनेट कॅरॅव्हॅन' मला अजूनही नऊचे वाटतात. पण 'रॅट सॅलड' सहाच्या वर जात नाही, आणि तेव्हा ते मला ऐकूच आलं नव्हतं. मी त्या मुलाच्या बोटांना गुण दिले होते. गोष्ट आधी कळली की कान मऊ होतात.

म्हणून तुमची पद्धत, आधी गुण आणि मग अर्थ, ही उत्तम आहे. ती मोडू नका. काकांना नऊ द्यायचेच असतील तर अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकून द्यावेत. एका गाण्यावरून आठ गाण्यांचे गुण वाढवणं मला पटत नाही.

---

मोटरवाइंडर (वरूड तालुका)

ताई, तुमचं शेवटचं वाक्य काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पोरगी बराबर बोलते." तबकडी दादा, दोन रकान्यांचं सरांनाही पटलं. या शनिवारी तोच अल्बम पुन्हा पहिल्यापासून, बाजू-बाजूने.

---

तिफण (अकोला जिल्हा)

थोडं उशिरा आलो, पण मला दोघांशीही पुरतं जमत नाही.

काका भजन ऐकतात तेव्हा शब्द आधीच पाठ असतात, लहानपणापासून. अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. इंग्रज पोराचंही तसंच, कानावर पडता पडता त्याला शब्द कळतात. शिवाय त्याला कव्हर मिळायचं. बीटल्सनी १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर' या अल्बमच्या कव्हरच्या मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापले होते. डार्क साइडच्या उघडणाऱ्या कव्हरच्या आत शब्द आहेत. तुमच्या झेपेलिनच्या अल्बमवर मात्र फक्त 'स्टेअरवे'चे शब्द छापले होते, 'लेव्ही'चे नाही. म्हणजे काय छापायचं आणि काय नाही, हे बँडनेच ठरवलेलं असतं. माझा नियम साधा आहे: जे शब्द कव्हरवर छापलेले, त्यांचा अर्थ आधी सांगायचा, कारण तो अल्बमचाच भाग आहे. बाहेरची हकिकत नंतर. टोनी आयोमीची बोटं ही बाहेरची हकिकत. बांध फुटणं हे गाण्यातच आहे, तेव्हा काका चुकले नाहीत.

आणि एक सुचवतो. जेथ्रो टल ऐकलं का? त्या बँडचं नाव एका इंग्रज शेतकऱ्याचं आहे. १७०१ च्या सुमारास त्याने घोड्याने ओढायचं पेरणी यंत्र केलं. म्हणजे आपल्या तिफणीचंच काम, चाड्यातून बी खाली आणि ओळीत पेरणी. ही गोष्ट मी आमच्या वडिलांना सांगितली तर ते म्हणाले, आपल्याकडं तं हे त्याच्या आंधीपासूनच हाये. त्यांनी त्यानंतर तो बँड मन लावून ऐकला.

१९७८ चा त्यांचा 'हेवी हॉर्सेस' लावा. त्याच नावाचं गाणं सुमारे नऊ मिनिटांचं आहे. नांगर ओढणारे मोठे घोडे, सफोक, क्लाइड्सडेल, पर्शरॉन, शायर, अशी त्यांच्या जातींची नावं घेत जातं. ट्रॅक्टर आले आणि ते घोडे शेतातून गेले. मी त्या बँडची बासरी ऐकायला बसलो होतो आणि आमच्या गोठ्याकडे पाहत उठलो. आमची शेवटची जोडी चार वर्षांपूर्वी विकली. दावणीच्या खुंट्या अजून काढल्या नाहीत.

---

मोटरवाइंडर (वरूड तालुका)

शनिवारचं कळवतो.

पहिली बाजू झाली, चहा झाला. काकांनी पहिल्या बाजूला पाच लिहिले. 'स्टेअरवे'त ढोल इतक्या उशिरा येतो हे त्यांना या वेळी आवडलं. म्हणाले, गवय्याने वाट पाहिली. दुसऱ्या बाजूला आठ. नऊ का नाही विचारलं तर म्हणाले, मधलं एक गाणं लांबलं. जुना चार तसाच आहे, त्याच्याखाली तारीख घातली.

बागाईतदारांनी दुसऱ्या रकान्यात आपले आठाचे सात केले. कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

'लेव्ही' चालू असताना लाईन गेली. बॅटरी जोडलेलीच होती, पण काकांनी मला थांबवलं. अंधारात आम्ही पाच मिनिटं नुसता टिनावरचा पाऊस ऐकला. मग गाणं पहिल्यापासून लावलं.

तिफण भाऊ, 'हेवी हॉर्सेस' पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवला आहे. कव्हरवर शब्द छापले आहेत का ते तेवढं कळवा, म्हणजे बहिणीला अर्थ आधी काढून ठेवायला सांगतो. आणि तुमच्या वडिलांचं यायला जमत असेल तर घेऊन या. दुकानात सहावी खुर्ची आहे.