गाठी दुखत नाहीत म्हणून सोडू नका

गाउटमध्ये, म्हणजे युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या संधिवातात, पायाच्या अंगठ्याची सूज उतरली की युरिक ॲसिड कमी करणारी गोळी बंद केली तरी चालतं, असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. ठणका थांबतो, पण सांध्यात साचलेले युरेटचे (युरिक ॲसिडच्या क्षाराचे) स्फटिक तिथेच राहतात आणि एरवीही आतून हाड पोखरत असतात. म्हणूनच डॉक्टर रक्तातलं युरिक ॲसिड कायम ६ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली ठेवायला सांगतात, या स्फटिकांच्या गाठी झाल्या असतील तर ५ च्याही खाली.

या गाठींबद्दल इथे कुणीच बोललं नाही. माझ्या मामांच्या कोपरावर आणि कानाच्या कडेला बारीक, टणक गाठी होत्या. दुखत नव्हत्या, त्यामुळे घरात कुणी मनावर घेतलं नाही. एक फुटली तेव्हा आतून खडूच्या भुकटीसारखं पांढरं निघालं, आणि एक्स-रेत बोटांच्या हाडांना खळगे पडलेले दिसले. आजार जुना आणि वर अशा गाठी, म्हणजे सांधे कायमचे वाकडे होण्याचा धोका फार मोठा. आणि हो, ऐन झटक्यात रक्त तपासलं तर युरिक ॲसिड नॉर्मलही येतं. त्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका, दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा.