स्वस्तातली डायल-अप सेवा : आपला अनुभव सांगा

डायल-अप सेवा, म्हणजे टेलिफोनच्या लाइनीवरून नंबर फिरवून मिळणारे इंटरनेट, निवडताना वर्गणीचा आकडा सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. सेवादात्याने नेमकी कोठे काटकसर केली आहे, हे मात्र वापरल्याशिवाय कळत नाही. ज्यांनी अशी सेवा वापरून पाहिली असेल, त्यांनी नंबर सहज लागतो का, जोडणी टिकते का आणि वेग किती मिळतो, हे सविस्तर लिहावे. नुसते ‘उत्तम’ किंवा ‘टाकाऊ’ असे शेरे कृपया नकोत.

*

माझी मुख्य तक्रार एंगेज टोनची आहे. पहाटे नंबर झटकन लागतो, परंतु रात्री जेवणानंतर मोडेम (संगणक टेलिफोन लाइनीला जोडणारे यंत्र) पुन्हा पुन्हा तोच नंबर फिरवत राहतो, कारण ग्राहकांच्या मानाने सेवादात्याकडील लाइनी अपुऱ्या आहेत. त्याहून खटकणारी बाब अशी, की कधीकधी नंबर लागतो, मोडेमची ती ओळखीची घरघर आणि किंचाळी पूर्ण होते, आणि मग ‘युजरनेम व पासवर्ड तपासत आहे’ या पायरीवर सारे ठप्प होते. इंटरनेट मिळाले नसले तरी टेलिफोनच्या लेखी तो कॉल झालेलाच असतो, त्यामुळे जेथे कॉलचे पैसे पडतात तेथे वर्गणीत वाचलेली रक्कम फोनच्या बिलात जाते. नोंदणीपूर्वी पर्यायी नंबर आहेत का, हे अवश्य विचारून घ्यावे.

*

वेगाबाबत सेवादात्याला सरसकट दोष देऊ नये, असे मला वाटते. एकाच लाइनीवर महागडी आणि स्वस्त अशा दोन्ही सेवा लावून पाहिल्या, तर दोन्हींकडे ४४ केबीपीएसच्या (सेकंदाला ४४ हजार बिटांच्या) आसपासच वेग दिसला. म्हणजे ५ एमबीची फाइल उतरवायला साधारण पाव तास. व्ही.९० या मानकाच्या मोडेमवर छापलेला ५६ केबीपीएस हा वेग केवळ उतरवण्याचा आणि तोही कागदावरचा. पाठवण्याची मर्यादा ३३.६ केबीपीएसच आहे. शेजारच्या खोलीतला, त्याच लाइनीवरचा पॅरलल फोन काढल्यावर माझी जोडणी सुधारली, त्यात सेवादात्याचे काहीच श्रेय नाही.

*

आमच्याकडे कॉल वेटिंगचा ‘टूं’ वाजला की जोडणी तुटत असे. ती सुविधा तात्पुरती बंद करणारा कोड, त्यापुढे स्वल्पविराम आणि मग सेवादात्याचा नंबर, असे डायलिंगच्या सेटिंगमध्ये घातल्यावर त्रास थांबला. स्वल्पविरामामुळे मोडेम क्षणभर थांबतो. व्ही.९० नंतरच्या व्ही.९२ मानकाच्या मोडेममध्ये जोडणी न तोडता फोन घेण्याची सोय असते, पण ती पलीकडूनही असावी लागते, आणि या स्वस्त सेवेत ती नाही.

*

‘पाचपट वेग’ या जाहिरातीला भुलू नये. सेवादात्याचा सर्व्हर मजकूर आणि चित्रे दाबून लहान करतो, एवढेच त्यातले गुपित. पाने लवकर उघडतात हे खरे, पण छायाचित्रांतले चेहरे डागाळलेले दिसतात आणि झिप किंवा एमपी३ फाइलींना काडीचा फरक पडत नाही.

*

माझे काम मेलपुरते आहे. पत्रे उतरवून घ्यायची, जोडणी तोडायची, उत्तरे सावकाश लिहून पुन्हा एकदा जोडून पाठवायची. काही वेळ हालचाल नसली की सेवादाता आपणहून जोडणी तोडतो, याबद्दल कुरकुर ऐकली आहे. माझ्या कामात ती वेळच येत नाही. पुढील वर्षाची वर्गणीही मी भरली आहे.