‘वीकरेफ’ला मराठीत काय म्हणावं? आणि कॉलबॅक ‘चालतो’ की ‘चालू शकतो’?

धरमपेठकर: नागपुरातल्या पोरांसाठी जावास्क्रिप्टची मराठी टिपणं लिहून राहिलो. ‘गार्बेज कलेक्शन’ (नको झालेल्या वस्तूंची मेमरी आपोआप मोकळी करणं) तसंच ठेवलंय. ‘वीकरेफ’ म्हणजे वस्तूला मेमरीत धरून न ठेवणारा संदर्भ, त्याला ‘दुर्बल संदर्भ’ बरा वाटतो का? शिवाय फायनलायझेशन रजिस्ट्रीबद्दल (वस्तू गोळा झाल्यावर आपलं दिलेलं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, बोलावण्याची सोय) ‘वस्तू नष्ट झाल्यावर कॉलबॅक चालतो’ असं लिहिलंय. बरोबर?

बर्डीवाला: ‘सैल संदर्भ’ लिहा. दुर्बल म्हटलं की संदर्भातच काही खोट आहे असं वाटतं. तो धड असतो, फक्त वस्तूला धरून ठेवत नाही.

मिहानवाला: सैल लिहा नाहीतर दुर्बल, पण भाऊ, ते ‘चालतो’ आधी खोडा. कॉलबॅक उशिरा चालेल, कधी चालणारच नाही. टॅब बंद झाला की विषय संपला. मनपाची कचरागाडी येते हे खरं, पण तिच्या वेळेवर कोणी मुहूर्त काढत नाही.

समजा, सॉकेट (नेटवर्कची जोडणी) बंद करायचं काम पोराने त्या कॉलबॅकवर सोडलं. क्रोममध्ये मेमरी भरत होती म्हणून ते होत राहिलं. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं, त्याचा हिशेब वेगळा. तिथे सॉकेट उघडेच. उद्या क्रोमनेच कलेक्टर (गार्बेज कलेक्शन करणारा भाग) सुधारला तरी साइट बिघडणार, आणि शिव्या ब्राउझरला! साइट्स अशा अडकल्या की इंजिनवाल्यांचेही हात बांधले जातात.

2015 च्या वीकमॅपमध्ये (कळ-किंमत जोड्यांचा साठा, पण कळांना धरून न ठेवणारा) कळांची, म्हणजे ‘की’ची, यादी मुद्दामच मागता येत नाही, नाहीतर कलेक्टरने काय उचललं ते कोडला दिसलं असतं. ते दार 2021 मध्ये वीकरेफने उघडलं. जावाने तर 2017 मध्ये, आवृत्ती 9 ला, ‘फायनलाइझ’वर (वस्तू गोळा होण्याआधी चालणारी मेथड) ‘वापरू नका’चा शिक्का मारला होता.

धरमपेठकर: पण ‘डीरेफ’ने (वीकरेफकडून वस्तू मागणारी मेथड) वस्तू हाती आली, तर लगेच पुढच्या ओळीत ती गायब होईल का?

मिहानवाला: नाही, चालू जॉब (एका दमात चालणारा कोडचा तुकडा) संपेपर्यंत ती टिकते. मधे ‘अवेट’ (कोड थांबवून वाट पाहणं) आला की मात्र भरवसा नाही, नंतरच्या ‘डीरेफ’ला ‘अनडिफाइन्ड’ (काहीच नाही) मिळू शकतं. पुन्हा तपासायचं.

बर्डीवाला: ‘नष्ट’ही काढा. त्याने सी प्लस प्लसचा डिस्ट्रक्टर (वस्तू संपताना चालणारं फंक्शन) आठवतो, आणि तो ठरल्या जागी चालतो.

धरमपेठकर: मग असं: ‘वस्तू गोळा झाल्यावर कॉलबॅक चालू शकतो, हमी नाही.’ खाली टीप: सॉकेट, लॉक स्वतः सोडा.

बर्डीवाला: टीप वर घ्या. खालचं कोण वाचते?